प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत विकत घेताना : कोणतं, कोणत्या फॉरमॅटमध्ये आणि कसं

या संगीतातलं नवं काम बहुतेक वेळा आधी बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार आणि लेबलं थेट श्रोत्यांना संगीत विकतात त्या साइटवर येतं. तिथे ‘एक्सपेरिमेंटल’ टॅग उघडून वरपासून खाली ऐकत बसलात तर दिवस जाईल आणि हाती फारसं काही लागणार नाही. त्यापेक्षा लेबल, म्हणजे संगीत प्रकाशित करणारी संस्था, धरा. पॅरिसच्या जीआरएम या प्रायोगिक संगीताच्या स्टुडिओचं जुनं काम हवं असेल तर ‘रेकलेक्शन जीआरएम’ ही मालिका पाहा. शुद्ध साइन लहरी, क्लिक आणि काटेकोर ताल आवडत असेल तर जर्मनीचं रास्टर आणि २०१७ साली त्यापासून वेगळं झालेलं नोटोन. संथ ध्वनी आणि फील्ड रेकॉर्डिंगसाठी (स्टुडिओबाहेर टिपलेल्या आवाजांसाठी) ब्रिस्बेनचं रूम४०. चार-पाच लेबलं ‘फॉलो’ करून ठेवली की नवं आल्याचा ईमेल येतो. आपल्याकडचं घ्यायचं तर अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ ते १९७२ दरम्यान मूग सिंथेसायझरवर आणि टेपवर झालेल्या कामाचं ‘द एनआयडी टेप्स’ हे २०२३ साली आलेलं संकलन आधी घ्या. गीता साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात काय करून ठेवलं होतं, ते ऐकल्यावर बाकीच्या खरेदीकडे पाहण्याची नजर बदलते.

नमुना ऐकताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बँडकॅम्पच्या पानावर वाजतो तो १२८ केबीपीएसचा एमपी३. गाण्यासाठी तो चालून जातो. पण पांढरा नॉइज, खरखर किंवा एकात एक मिसळलेले दाट सूर एमपी३ला सर्वांत जड जातात. त्या बिटरेटला वरचे सूर पाण्याखालून आल्यासारखे घुमतात. हा दोष कलाकाराचा नव्हे, तेवढ्यावरून काम नाकारू नका. तसंच फोनच्या स्पीकरवर ५० हर्ट्झचा खर्ज ऐकूच येत नाही, त्यामुळे ‘यात काहीच घडत नाही’ असं वाटतं. हेडफोन लावा, मधली किमान दहा मिनिटं सलग ऐका आणि मगच ठरवा. सुरुवातीची दोन मिनिटं या प्रकारात बऱ्याचदा फसवी असतात.

आता फॉरमॅट. तो आवडीवर नाही, त्या विशिष्ट कामावर ठरवायचा. एलपीच्या एका बाजूला ३३ आरपीएमवर १८ ते २२ मिनिटं नीट मावतात. त्याहून जास्त कोंबलं तर खाचा उथळ होतात, आवाज दबतो आणि मागची खरखर वर येते. म्हणून ट्रॅकलिस्ट वाचा. डिजिटलमध्ये ४१ मिनिटांचा एकच ट्रॅक आणि एलपीवर ‘भाग १’, ‘भाग २’ असं दिसलं, तर रेकॉर्डवर तो सलग तुकडा मधोमध तोडलेला आहे. अशा वेळी फाइल किंवा सीडी घ्या. सीडीवर ७४ ते ८० मिनिटं बसतात. अगदी हळू आवाजाच्या कामालाही हेच लागू. शांततेच्या जागी सुईची चटचट ऐकण्यात अर्थ नाही.

खर्जाचंही तसंच. डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा खोल खर्ज असेल तर खाच वर-खाली नाचते आणि सुई उडते. म्हणून रेकॉर्ड कापणारा इंजिनिअर खालचा भाग मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा करतो, अति तीव्र सूरही थोडे खाली आणतो. म्हणजे रेकॉर्डवर ऐकू येतं ते फाइलपेक्षा वेगळं असतं. हे काम जाणत्या हातून झालं असेल तर रेकॉर्डही उत्तम वाजते, म्हणून श्रेयनामावलीत मास्टरिंग आणि कटिंग कोणाचं आहे ते पाहा. मास्टरिंग इंजिनिअर राशाद बेकर यांचं नाव दिसलं तर निर्धास्त घ्या.

फाइल घेणार असाल तर फ्लॅक निवडा, त्यात मूळ आवाजातलं काहीच गळत नाही. एमपी३ करताना एन्कोडर प्रत्येक ट्रॅकच्या टोकांना थोडी शांतता जोडतो. एकात एक वाहणारे ट्रॅक असले की काही प्लेअरवर जोडावर बारीक खंड पडतो. फ्लॅकमध्ये तो प्रश्न नाही. जागा साधारण तासाला ३०० एमबी लागते, नॉइज असेल तर बरीच जास्त. स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये फाइल १६ किलोहर्ट्झला कापलेली, म्हणजे त्यावर काहीच नसलेली दिसली तर ती मूळ एमपी३ असण्याची शंका घ्या. पण लगेच तक्रार करू नका. कॅसेट किंवा जुन्या सॅम्पलरवर केलेल्या कामात वरचं काही नसणं हे कामाचाच भाग असू शकतं. आधी पानावर काय लिहिलंय ते वाचा.

पैसे भरताना कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये पाहा. नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. परकीय चलनाचा आकार आणि त्यावरचा जीएसटी वेगळा लागतो. एरवी बँडकॅम्प डिजिटलवर १५ टक्के, रेकॉर्ड-कॅसेटवर १० टक्के कापतं. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ला ते आपला वाटा सोडतं, म्हणून यादी त्या दिवसासाठी राखून ठेवा. तो दर महिन्याला नसतो, तारखा साइटवर जाहीर होतात. दिवस पॅसिफिक वेळेनुसार धरतात, म्हणजे भारतात शुक्रवारी दुपारी साडेबारा किंवा हिवाळ्यात दीडला सुरू होऊन शनिवारी त्याच वेळी संपतो. सकाळी घाई केलीत तर कलाकाराला तो जादा वाटा मिळत नाही.

रेकॉर्ड परदेशातून येत असेल तर टपालखर्च बऱ्याचदा रेकॉर्डच्या किमतीच्या जवळ जातो आणि सीमाशुल्क टपालखर्चासकट एकूण रकमेवर बसतं. एकाच लेबलाकडून दोन-तीन एकत्र मागवा. दुसऱ्या रेकॉर्डचा टपालखर्च पहिलीइतका वाढत नाही. ‘गिफ्ट’ लिहायला सांगू नका. भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच संपली. कमी किंमत लिहून घेतलीत तर पार्सल हरवल्यावर भरपाईही तेवढीच मिळते. कुरिअरवाले केवायसी मागतात, ते वेळेत दिलं नाही की पार्सल अडकून पडतं.

आल्यावर बाहेरचं घट्ट प्लास्टिक काढून टाका. उकाड्यात ते आवळतं आणि रेकॉर्ड वाकते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, म्हणून रेकॉर्ड उभ्या ठेवा आणि भिंतीला टेकवू नका. वाजवण्याआधी रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलवर वेग शोधा. बऱ्याच रेकॉर्डवर तो छापलेलाच नसतो आणि ड्रोन (लांबवर धरलेल्या सुरांचं काम) ४५ऐवजी ३३वर लावला तरी कानाला चूक जाणवत नाही. डिजिटल ट्रॅकची लांबी घड्याळाशी ताडून पाहा. बाजूच्या शेवटी बंद खाच, म्हणजे तोच तुकडा फिरून फिरून वाजवणारं वर्तुळ असेल तर ऑटोमॅटिक टर्नटेबल हात उचलून घेतं आणि ती ऐकूच येत नाही. तिथे हाताने वाजवा. छोटी लेबलं कारखान्यात छापलेल्या सीडीऐवजी सीडी-आर, म्हणजे संगणकावर लिहिलेली सीडी देतात. तिचा रंगथर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, म्हणून आल्याच दिवशी फ्लॅकमध्ये उतरवा आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.