आफ्रिकी समाजांतला लिंगभाव आणि लैंगिकता: संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी

‘आफ्रिकेतली समलैंगिकता’ असा विषय घेऊन मार्गदर्शकाकडे जाऊ नका. 54 देशांबद्दल एकाच प्रबंधात बोलायला गेलं की हाती काही लागत नाही. एक समाज, एक नातं, एक कालखंड धरा.

उदाहरणार्थ, केनियातल्या नांदी समाजात मुलगा नसलेली वयस्क बाई गुरं देऊन दुसऱ्या बाईशी रीतसर लग्न करू शकते. त्यानंतर ती नवरा म्हणून गणली जाते. बायकोला एखाद्या पुरुषापासून झालेली मुलं या ‘नवऱ्या’ची, तिच्या गुराढोरांची आणि जमिनीची वारस. नवखे अभ्यासक हे वाचून लगेच ‘समलिंगी विवाह’ अशी नोंद करतात आणि तिथेच फसतात. नांदी रिवाजात या लग्नाचा गाभा वारसा आहे, दोघींमधला शरीरसंबंध नव्हे. 2011 मध्ये मोंबासाच्या उच्च न्यायालयानं असं लग्न वारसाहक्कासाठी ग्राह्य धरलं. त्याच केनियात दंडसंहितेच्या कलम 162 खाली समलिंगी संबंधांना 14 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयानं ते कलम कायम ठेवलं. याच्या उलट, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, पारामारिबो या राजधानीतल्या कष्टकरी आफ्रिकी वंशाच्या बायकांच्या ‘माटी’ नात्यात शरीरसंबंध असतो, पैशाची मदत असते, एकमेकींची मुलं सांभाळणं असतं. आणि त्याच बाईचं एखाद्या पुरुषाशीही नातं असू शकतं.

म्हणून आधी तीन प्रश्न विचारा: कोण कोणाला काय देतं, मुलं कोणाची, आणि मेल्यावर घर कोणाकडे जातं. ‘तुम्ही स्वतःला काय म्हणवता’ हा प्रश्न शेवटी. तो आधी विचारला की समोरची व्यक्ती एखाद्या संस्थेच्या कार्यशाळेत ऐकलेलं उत्तर देते. याला कारण आहे. आफ्रिकेतलं या विषयावरचं बरंच लेखन एचआयव्ही प्रतिबंधाच्या निधीतून झालं. त्यात शहरी पुरुष आणि त्यांच्या आरोग्याचे धोके भरपूर सापडतात. बायकांचं प्रेम, म्हातारपण, कमाई यांचा मागमूस कमी. सगळे निवेदक, म्हणजे माहिती देणारी माणसं, एकाच संस्थेमार्फत मिळवले तर तुमचा प्रबंधही तसाच होणार. निदान तीन वेगळ्या वाटांनी माणसं गाठा. दक्षिण आफ्रिकेत स्टॉकवेल, म्हणजे आपली भिशी, आणि अंत्यविधीचा खर्च भागवणारी मंडळं ही चांगली सुरुवात असते. कोणाच्या आजारपणात कोण धावलं हे तिथे कळतं.

कायद्याचा इतिहास भारतीय विद्यार्थ्याला सोपा वाटतो, कारण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतातलं कलम 377 ओळखीचं. 1860 ची भारतीय दंडसंहिता 1899 मध्ये सुदानच्या संहितेचा आधार झाली आणि पुढे तिथून उत्तर नायजेरियात गेली. पण केनिया आणि युगांडाच्या आजच्या कलमांवर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या संहितेची छाप आहे, आणि सेनेगलनं कलम 319 आणलं ते स्वातंत्र्यानंतर, 1966 मध्ये. सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून प्रकरण संपवू नका. प्रत्येक देशाचं कलम मूळ शब्दांत वाचा.

पहिलंच संशोधन असेल तर अभिलेखागारापासून सुरुवात करणं आम्हाला सर्वांत योग्य वाटतं. जोहान्सबर्गचं ‘गाला’ हे समलिंगी चळवळीचं अभिलेखागार 1997 पासून आहे. वर्णभेदविरोधी आणि समलिंगी चळवळीतले कार्यकर्ते सायमन न्कोली यांची कागदपत्रं तिथे आहेत. कृष्णवर्णीय अमेरिकी कवयित्री ऑड्री लॉर्ड यांची अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात. ‘फेमिनिस्ट आफ्रिका’ हे नियतकालिक विनामूल्य वाचता येतं. सरकारी दप्तर मात्र जपून वाचावं. जोहान्सबर्गभोवतीच्या विटवाटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींतल्या पुरुषांमधल्या ‘लग्नां’ची 1907 मध्ये चौकशी झाली. त्या कागदांत साहेबांना गुन्हा दिसतो; तरुण कामगार त्या नात्यातून मिळालेले पैसे साठवून गावी लग्नाची तयारी करत, ही बाजू ओळींच्या मधून काढावी लागते.

प्रत्यक्ष क्षेत्रकामाला केनियात ‘नाकोस्टी’ या सरकारी विज्ञान आयोगाचा परवाना, स्थानिक संस्थेशी संलग्नता आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते. सहा महिने हाताशी ठेवा. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या. परतताना दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. युगांडात 2023 च्या कायद्याखाली समलैंगिकतेच्या ‘प्रसारा’ला 20 वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे नवख्यांनी समलिंगी संबंधांवर मुलाखती घेऊच नयेत. धोका तुमच्यापेक्षा बोलणाऱ्याला जास्त असतो, आणि तुम्ही परत आल्यावर तो तिथेच राहणार असतो.

संमती तोंडी घ्या आणि समितीकडून तशी लेखी सूट आधीच मिळवा, कारण सही केलेला कागद हाच पुरावा ठरतो. फोनचा क्लाउड बॅकअप आणि फोटोतली स्थाननोंद बंद ठेवा. ध्वनिमुद्रण कुलूपबंद फाइलमध्ये, नावांची यादी वेगळ्या जागी. फक्त नाव बदलून भागत नाही: गाव, धंदा आणि वय एकत्र आलं की शेजारी माणूस ओळखतात. यातल्या दोन गोष्टी तरी बदला किंवा गाळा.

परदेशी जाण्याइतका पैसा नसेल तर भारतातल्याच, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाचा विचार करा. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-येल्लापूर भागातल्या सिद्दींच्या बोलीत कोकणी आणि मराठी मिसळलेली आहे, त्यामुळे मराठी अभ्यासकाला दुभाष्याची गरज कमी पडते. मात्र त्यांच्या घरांत ‘आफ्रिकी अवशेष’ शोधू नका. असल्या कुतूहलाला ते कंटाळलेले आहेत. बायकांची कवंदी, म्हणजे गोधडी, शिवण्याची कमाई, घरातला त्यांचा वाटा, लग्नाचे निर्णय हे विषय मोकळे आहेत. भरूच जिल्ह्यात रतनपूरला सिद्दींचे पीर बावा गोर यांच्या दर्ग्यासोबत त्यांची बहीण मानल्या जाणाऱ्या माई मिस्राचं ठिकाण आहे. मूल व्हावं म्हणून बायका तिथे नवस करतात, आणि त्या बाजूचे विधी सिद्दी बायका सांभाळतात. यावर चांगला प्रबंध होऊ शकतो. पहिली भेट उरुसाच्या दिवसांत ठेवू नका. तेव्हा त्या बायकांना बोलायला उसंत नसते, आणि गर्दीत घाईनं घेतलेली मुलाखत पुन्हा घ्यावी लागते.