टेबलाखालच्या सायकलची नोंद फिटनेस बँडवर कशी ठेवावी

टेबलाखाली ठेवलेल्या छोट्या सायकलवर अर्धा तास पायडल मारूनही मनगटावरच्या बँडने जेमतेम ४० पावले दाखवली, तर बँड बिघडला असे समजू नये. चालताना हाताला जे हेलकावे बसतात त्यांवरून बँडमधला ॲक्सिलरोमीटर (हालचाल टिपणारा सेन्सर) पावले ओळखतो, आणि कीबोर्डवर काम करणाऱ्याचे मनगट तर टेबलाच्या कडेला टेकलेले असते. म्हणून आपल्याला पायांचे फेरे मोजायचे आहेत की शरीराला पडलेले श्रम, हे आधी ठरवावे. फेऱ्यांसाठी बँड घोट्यावर लागतो आणि श्रमांसाठी मनगटावर.

फेरे मोजायचे असल्यास बँड घोट्याच्या हाडाच्या वर, मोज्यावरून बांधावा. मनगटाचा पट्टा तिथे बहुधा पुरत नाही, तेव्हा लांब वेलक्रोचा पट्टा घ्यावा, किंवा क्लिपचा ट्रॅकर असेल तर तो बुटाच्या नाडीला अडकवावा. त्यानंतरची पायरी बरेच जण गाळतात आणि मग महिनाभर चुकीचे आकडे जमवत बसतात. नेहमीच्या वेगाने त्या पायाचे १०० फेरे तोंडाने मोजावेत आणि आधीची व नंतरची पावले कागदावर लिहावीत. असे तीनदा करून सरासरी काढावी. समजा १०० फेऱ्यांना १८० पावले उमटली, तर पुढे ३,६०० पावले म्हणजे २,००० फेरे असा हिशेब धरता येतो. हे प्रमाण प्रत्येक बँडचे वेगळे असते, आणि फार संथ पायडल मारल्यास काही फेरे मोजलेच जात नाहीत. घोट्यावर असताना हृदयगतीचे मापन मात्र बंद ठेवावे, कारण तिथले वाचन भरवशाचे नसते आणि ते नोंदीत मिसळून दिवसाची सरासरी बिघडवते.

श्रम मोजायचे असल्यास बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, सरकणार नाही इतपत घट्ट बांधावा. त्याच्या तळाचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्ताची भरती-ओहोटी टिपतो. टाइप करताना मनगट वाकले की बँड उचलला जातो आणि आकडा भलतीकडेच जातो. बँड व्यायाम आपोआप ओळखेल यावर विसंबू नये, कारण हात स्थिर असल्याने त्याला बहुधा काहीच कळत नाही. ॲपल वॉचवर ‘इनडोअर सायकल’ किंवा आपल्या बँडवर त्यासारखा जो प्रकार असेल तो स्वतः सुरू करावा आणि संपल्यावर आठवणीने थांबवावा. बाहेरच्या सायकलिंगचा प्रकार निवडल्यास घड्याळ जीपीएस शोधत बसते आणि बॅटरी फुकट जाते.

पहिल्या दिवशी पाच मिनिटे नुसते बसून हृदयाचे ठोके लिहून ठेवावेत. मग पायडल जड-हलके करणाऱ्या सायकलच्या घुंडीच्या प्रत्येक क्रमांकावर पाच-पाच मिनिटे पायडल मारून ठोके किती वाढतात ते पाहावे. घुंडी किती आवळली आहे हे बँडला दिसत नाही. ती सैल असो वा आवळलेली, घोट्यावरची पावले सारखीच येतात, फरक पडतो तो ठोक्यांत. ही चाचणी चहानंतर लगेच किंवा वरिष्ठांच्या मीटिंगमध्ये करू नये (माझे ठोके मीटिंगमध्ये पायडल न मारताही वाढतात). बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी औषधे) घेणाऱ्यांनी ठोक्यांवरून श्रम ठरवू नयेत.

कॅलरीच्या आकड्याकडे मात्र संशयानेच पाहावे. शारीरिक हालचालींच्या २०११ सालच्या कंपेंडियममध्ये, म्हणजे कोणत्या हालचालीला किती ऊर्जा लागते याच्या यादीत, ३० ते ५० वॅटच्या स्थिर सायकलिंगला ३.५ मेट आणि टायपिंगला १.३ मेट दिलेले आहेत. स्वस्थ बसलेले शरीर जितकी ऊर्जा खर्चते तो एक मेट. मेट, किलोग्रॅममधले वजन आणि तास यांचा गुणाकार म्हणजे ढोबळ कॅलरी. त्यानुसार ७० किलोच्या माणसाच्या अर्ध्या तासाच्या सुमारे १२२ कॅलरी होतात. त्यातल्या ४५ नुसते टाइप करत बसूनही गेल्याच असत्या, म्हणजे जमेस धरायच्या त्या ७७. काम करता करता मारलेले पायडल बहुधा ३० वॅटच्याही खालीच राहते, त्यामुळे बँड अर्ध्या तासाला २५० दाखवत असेल तर आधी त्यात भरलेले वजन आणि वय तपासावे.

ज्यांना घोट्यावर पट्टा नको असेल त्यांनी क्रँकला (पायडलच्या दांड्याला) रबराने बांधायचा, फेऱ्यांचा वेग मोजणारा ब्लूटूथ केडन्स सेन्सर घ्यावा. २०२३ च्या वॉचओएस १० या सॉफ्टवेअरपासून ॲपल वॉचला आणि त्याआधीपासून गार्मिनच्या अनेक घड्याळांना तो जोडता येतो. घोट्यावर एक आणि मनगटावर एक अशी दोन उपकरणे वापरल्यास दोन्हींची नोंद एकाच ॲपमध्ये जाऊ देऊ नये, नाहीतर तोच व्यायाम दोनदा धरला जाण्याचा धोका असतो. चाकांची खुर्ची पायडलच्या रेट्याने मागे सरकते. तिच्या चाकांना अडसर लावावा आणि सायकलखाली रबरी चटई घालावी, कारण सायकल सरकत राहिली की वेग तुटतो आणि नोंदही.

शेवटी, बँडला न दिसणाऱ्या गोष्टी त्याच्याच ॲपमधल्या टिपणाच्या रकान्यात लिहाव्यात. माझी एक नोंद अशी आहे: ‘२५ मिनिटे, घुंडी ३, सरासरी ठोके ९४, जेवणानंतर, फक्त ईमेल वाचन.’