थाई व्यावसायिकांना भेटताना: पहिल्या बैठकीचे शिष्टाचार

थायलंडमधील ‘वाय’ हे अभिवादन आपल्या नमस्कारासारखेच दिसते आणि त्यामुळेच मराठी माणूस तेथे निर्धास्त होतो. आपण लहानथोर सर्वांना एकाच पद्धतीने हात जोडतो. थाई लोकांत मात्र हात किती उंच न्यायचे, हे समोरच्याच्या मानावर ठरते.

प्रथम अभिवादन. बरोबरीच्या व्यक्तीसाठी जोडलेल्या हातांचे अंगठे हनुवटीशी, ज्येष्ठांसाठी नाकाच्या शेंड्याशी आणि बौद्ध भिक्षूंसाठी भुवयांच्या मध्ये आणून मान लववावी. वयाने किंवा हुद्द्याने लहान असणाऱ्याने आधी वाय करायचा असतो. हॉटेलमधील कर्मचारी किंवा लहान मुले वाय करतात, तेव्हा हसून मान हलवली तरी पुरते. भिक्षू उलट वाय करत नाहीत. तो अपमान समजू नये. स्त्रियांनी त्यांना स्पर्श करू नये.

यानंतर ओळख. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, मिळालेले वाचावे आणि मगच ठेवावे. संबोधनासाठी आडनाव नव्हे, तर पहिल्या नावाआधी ‘खुन’ (आपल्या ‘श्री’ किंवा ‘श्रीमती’सारखे आदरार्थी संबोधन) लावावे. थायलंडमध्ये आडनावे कायद्याने सक्तीची झाली ती 1913 मध्ये, त्यामुळे मोठ्या पदावरील व्यक्तीलाही पहिल्या नावानेच ओळखण्याची रीत टिकून आहे.

खरी कसोटी चर्चेत लागते. समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये, या संकोचाला थाई लोक ‘क्रेंग-जाय’ म्हणतात आणि त्यापोटी ते स्पष्ट नकार सहसा देत नाहीत. म्हणून ‘महिनाअखेर माल मिळेल ना?’ असे विचारल्यावर आलेला होकार ही हमी धरू नये. त्याऐवजी ‘किती दिवस लागतील, अडचण कोठे येऊ शकते?’ असे विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. चूक दाखवायची असेल तर ती चारचौघांत न दाखवता संबंधित व्यक्तीला एकट्याने गाठून सांगावी. बैठकीत कनिष्ठ सहकारी वरिष्ठांना खोडून काढत नाहीत, तेव्हा तपशिलाची शंका त्यांच्याशी नंतर वेगळी बोलून घेतलेली बरी. आवाज चढवण्याची आपली सवय (आपल्याकडे तो उत्साहच असतो) तेथे राग मानली जाते आणि कामही बिघडवते.

जेवताना चमचा उजव्या हातात धरावा. काट्याने घास चमच्यात लोटायचा असतो, काटा तोंडात घालायचा नसतो. बिल बहुधा यजमान किंवा ज्येष्ठ व्यक्ती देते.

मस्तक शरीराचा पवित्र भाग मानले जाते, म्हणून यजमानाच्या मुलाच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवण्याचा मोह आवरावा. पायाचा तळवा कोणाकडे किंवा बुद्धमूर्तीकडे करू नये. घरात शिरताना पादत्राणे काढावीत, हे आपल्याला सांगायला नको. सकाळी 8 आणि सायंकाळी 6 वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागल्यास स्तब्ध उभे राहावे. राजघराण्याविषयी थट्टा तर नकोच, मतप्रदर्शनही टाळावे. दंडसंहितेच्या कलम 112 नुसार राजाच्या अवमानासाठी प्रत्येक गुन्ह्यास 3 ते 15 वर्षे कारावास होऊ शकतो.

कागदपत्रांवर सही करण्यापूर्वी तारखा तपासाव्यात. थाई बौद्ध वर्ष इसवी सनापेक्षा 543 ने पुढे असते, त्यामुळे 2568 म्हणजे 2025 होय. पुढील बैठक ठरवताना 13 ते 15 एप्रिल हे सोंगक्रानचे, म्हणजे थाई नववर्षाच्या सणाचे दिवस वगळावेत, कारण तेव्हा बहुतेक कचेऱ्या बंद असतात.