आइंडहोवन की बर्लिन? ऑफर हातात असलेल्यांसाठी

नेदरलँड्समधलं आइंडहोवन आणि जर्मनीतलं बर्लिन, दोन्हीकडच्या नोकरीच्या ऑफर घेऊन बसलेली मंडळी मला आधी दूध, अंडी, तांदळाचे भाव विचारतात. खाण्यापिण्यावर नेदरलँड्समध्ये 9 टक्के व्हॅट, जर्मनीत 7. लिडल आणि आल्डी दोन्हीकडे आहेत. त्या हिशोबात कुणी बुडत नाही की श्रीमंत होत नाही. मी आधी आइंडहोवनला राहिलो, आता बर्लिनला आहे. माझा उलटा प्रश्न असतो: घरात कमावणारे किती, आणि लहान मूल आहे का?

एकटे असाल आणि भारतातून थेट नोकरीवर येत असाल, तर डच 30 टक्के करसवलतीला तोड नाही. पगाराची किमान अट पूर्ण होत असेल तर पाच वर्षांपर्यंत पगाराचा तेवढा हिस्सा करमुक्त राहू शकतो. 2027 पासून तो 27 टक्क्यांवर येणार आहे. तिथेच मास्टर्स करून नोकरीला लागलेल्यांना मात्र ती सहसा मिळत नाही. आणि ऑफरमधल्या आकड्यात 8 टक्के सुट्टीभत्ता धरलाय की तो वेगळा, हे सही करण्याआधी विचारा.

जोडीदार कमावत नसेल तर पारडं फिरतं. जर्मनीत टॅक्स क्लास 3 (विवाहितांसाठीची, पगारातून कमी कर कापणारी श्रेणी) मिळाला की हातात येणारा पगार चांगलाच वाढतो. फक्त जोडीदार तिथे राहायला आलेला हवा, पुण्यात असून चालत नाही. सरकारी आरोग्यविम्याचा हप्ता पगाराच्या साधारण 17 टक्के, त्यातला निम्मा कंपनी भरते, आणि न कमावणारा जोडीदार नि मुलं त्याच हप्त्यात येतात. डच पद्धतीत प्रत्येक प्रौढाचा विमा वेगळा, माणशी महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास. शिवाय वर्षाचे पहिले 385 युरो आपल्याच खिशातून, फॅमिली डॉक्टरची भेट तेवढी त्यातून वगळलेली. मुलांना 18 वर्षांपर्यंत हप्ता नाही.

पाळणाघराचा आकडा ऐकून तर लोक गप्पच होतात. नेदरलँड्समध्ये तासाला दहा युरोंच्या पुढे! सरकार त्यातला बराच भाग परत देतं, पण सहसा आई-वडील दोघंही नोकरी करत किंवा शिकत असतील तरच. बर्लिनमध्ये 2018 पासून किटाची (तिथल्या पाळणाघराची) फी माफ आहे, जेवणाचे महिन्याला 23 युरो द्यायचे. जागा मिळवणं हे वेगळंच युद्ध, पण ते पैशांचं नाही. इतर जर्मन राज्यांत नियम निराळे आहेत, बर्लिनवरून म्युनिकचा अंदाज बांधू नका.

आता घर. जाहिरातीतलं भाडं दोन्हीकडे अर्धसत्य. जर्मनीत ‘काल्ट’ म्हणजे हीटिंग आणि इमारतीचा खर्च सोडून. ‘वार्म’ म्हणजे तो धरूनचा आकडा पाहा, वीज आणि इंटरनेट त्याहूनही वेगळं. डिपॉझिट जर्मनीत तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापर्यंत, पण ते तीन हप्त्यांत देण्याचा कायदेशीर हक्क आहे. नेदरलँड्समध्ये जुलै 2023 पासूनच्या करारांना दोन महिन्यांची मर्यादा आहे.

रिकाम्या घराची गंमत पुढेच आहे. डच ‘काल’ (kaal, म्हणजे उघड्याबोडक्या) घरात जमिनीवर फ्लोअरिंगसुद्धा नसतं, नुसतं काँक्रीट. ते आपण घालायचं आणि जाताना बहुधा उखडायचंही. जर्मन घरात फ्लोअरिंग असतं, पण स्वयंपाकघरात कित्येकदा ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही, भिंतीतून बाहेर आलेले नळाचे पाइप तेवढे. आधीचा भाडेकरू आपलं किचन विकायला बघत असतो. ते काढून न्यायचा खर्च त्याच्याही डोक्यावर असतो, म्हणून पहिल्या आकड्याला हो म्हणू नका.