टीपीएसचा रकाना मी शेवटी नेला

नोकरीला लागल्यावर पहिलं काम आलं ते वेगवान ब्लॉकचेनांची, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून ठेवलेल्या व्यवहारांच्या वह्यांची, तुलना करण्याचं. मी एक्सेलमध्ये टीपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती व्यवहार याचा रकाना केला आणि उतरत्या क्रमाने लावून मोकळा झालो. बिटकॉइन ७ वर, तळाला. सोलाना सगळ्यांच्या वर, कारण तिच्या श्वेतपत्रिकेत, म्हणजे मूळ तांत्रिक आराखड्यात, ७,१०,००० हा आकडा आहे. सीनियरने तक्ता बघून एवढंच विचारलं, "अरे, हे मोजलं कुणी?"

कुणीच नव्हतं मोजलं. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर जास्तीत जास्त किती मावेल, याचा तो कागदावरचा हिशोब होता. मग चालू आकडे काढले, तर त्यांत मोठा भाग व्हॅलिडेटरांच्या, म्हणजे व्यवहार तपासून मंजुरीचं मत देणाऱ्या संगणकांच्या, मतांचा. सोलानावर मतही व्यवहार म्हणूनच नोंदतात. बँकेने कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या सह्याही उलाढालीत धराव्यात, तसं.

नव्याने शिकणाऱ्यांना मी सांगतो, श्वेतपत्रिकेआधी नेटवर्क बंद पडलं तेव्हाचा अहवाल वाचा. १४ सप्टेंबर २०२१ ला सोलाना सुमारे १७ तास ठप्प होती. एका टोकनच्या, म्हणजे नव्या डिजिटल नाण्याच्या, विक्रीवर बॉट (आपोआप व्यवहार करणारे प्रोग्रॅम) तुटून पडले होते. सोलानात पुढचा लीडर, म्हणजे व्यवहारांचा पुढचा गठ्ठा (ब्लॉक) बांधणारा व्हॅलिडेटर, कोण हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून व्यवहार थेट त्याच्याकडे धाडले जातात. प्रतीक्षेचा सामाईक ढीग नाही. वेग येतो तो इथूनच, आणि त्या दिवशी पूर आला तोही याच वाटेने. व्हॅलिडेटरांची मेमरी संपली. तेव्हा जास्त फी देऊन पुढे सरकण्याची सोयही नव्हती. ती नंतर आली.

समांतर प्रक्रियेची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. सोलाना म्हणते, कोणत्या खात्यांना हात लावणार ते आधी सांगा. ज्यांची खाती वेगळी, ते व्यवहार एकाच वेळी चालतील. अ‍ॅप्टॉस ही दुसरी वेगवान चेन काही विचारत नाही. सगळे सोबत चालवून बघते आणि टक्कर झाली तर तेवढेच पुन्हा चालवते. मात्र सगळ्यांची झुंबड एकाच खात्यावर असेल, तर दोन्हीकडे रांगच लागते.

"व्यवहार पक्का कधी?" हा रकाना मी उशिरा जोडला. इथेरियमचा ब्लॉक १२ सेकंदांचा, पण अंतिम शिक्का बसायला जवळपास १३ मिनिटं लागतात. पॉलिगॉनचा ब्लॉक दोनेक सेकंदांत येतो, तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे आलेले १५७ ब्लॉक रद्द होऊन मागे फिरले होते. (तिच्या टेस्टनेटचं, म्हणजे खोट्या नाण्यांवर चाचणी करायच्या नेटवर्कचं, नाव तेव्हा मुंबई होतं. परदेशातल्या डेव्हलपरांना मुंबईवर फुकटची नाणी मागताना बघून मजा यायची.)

यंत्राचा खर्चही लिहा. इथेरियमचा नोड, म्हणजे नेटवर्कमधला एक सहभागी, घरच्या बऱ्या संगणकावर चालतो. सोलानाच्या व्हॅलिडेटरला २५६ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम लागते. हा रकाना भरला तेव्हा सीनियर पहिल्यांदा खुर्ची ओढून शेजारी बसली.