तीरकामठ्याचं पातं घरी घडवताय? या चुका टाळा

नंदुरबार-शहाद्याकडे लोहाराच्या भट्टीवर तीराचं पातं घडताना पाहिलं की काम सोपं वाटतं. आकार देणं खरंच फार अवघड नाही. पाती वाया जातात ती पाणी देताना, म्हणजे लाल तापवून एकदम गार करून कडक करताना, म्हणून त्यावरच जास्त लिहितोय.

त्याआधी कायद्याचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचंही नाव आहे. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या तीरकामठा चालत आला असला, तरी आज शिकार हा गुन्हा आहे आणि आपल्याकडे परंपरेच्या नावावर सूट नाही. ही पाती निशाणेबाजीसाठी आणि ही कारागिरी हातात टिकावी म्हणून घडवायची. निशाण्याला रावेर-यावलकडे घड कापून झालेला केळीचा खांब फुकट मिळतो. त्याच्यासारखं निशाण नाही.

लोखंड निवडतानाच पहिली चूक होते. खिडकीचा गज किंवा साधी पट्टी कितीही घासा, ती पाणी धरणारच नाही, कारण तिच्यात कार्बन फार कमी असतो. भंगारातून ट्रकचा कमानपाटा (लीफ स्प्रिंग) घ्या, नाहीतर लाकडाच्या वखारीतल्या जुन्या करवतीचं पातं. पाट्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आत कार्बन असतो, तेवढा पुरतो. पाटा तुटलेला असेल तर तुटलेल्या जागेपासून लांबचा तुकडा कापा, कारण त्या जागेच्या आसपास डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत टाकू नका. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की अंगात ताप भरतो.

आता पाणी देण्याचं. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे भरदुपारी उघड्यावर भट्टी लावणं. खान्देशातल्या उन्हात तापलेलं पोलाद आहे त्यापेक्षा थंड दिसतं. लाली पुरेशी नाही असं वाटून माणूस भाता मारत राहतो आणि पातं जास्त तापतं. त्याने पोलादाचा कण मोठा होतो. असं पातं मोडून पाहिलं तर आतून खडीसाखरेसारखं चकाकतं. नीट तापलेल्याची मोड बारीक, मंद राखाडी दिसते. म्हणून हे काम दिवस कलल्यावर किंवा अंधाऱ्या छपराखाली करा आणि डोळ्यांपेक्षा चुंबकावर भिस्त ठेवा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. त्यानंतर रंग किंचित चढू द्या, पात्यावर सगळीकडे सारखा दिसला की लगेच बाहेर काढा.

आणि ते पाण्यात बुडवू नका! पाणी देणं म्हणतात खरं, पण कमानपाट्याच्या पोलादाला तेल लागतं. पाण्यात टाकलं की ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो आणि धारेवर भेग उमटते. ते पातं संपलं. शेंगदाण्याचं तेल चालतं, फक्त आधी ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून घ्या. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका, त्याचा धूर वाईट. भांडं लोखंडीच हवं आणि झाकण हाताशी हवं, कारण तेल पेट घेऊ शकतं. पातं टोकाकडून सरळ खाली घाला, वरखाली हलवा. आडवं फिरवलं की वाकतं.

थंड झाल्यावर कानस मारून बघा, ती घसरायला हवी. पहिल्याच घासात कानस धरली तर घाबरू नका. भट्टीत वरच्या कातडीतला कार्बन जळतो, तेवढा थर काढून पुन्हा बघा.

आता ते पातं कडक आहे, पण ठिसूळही आहे. पुढचं काम उद्यावर टाकू नका. एक बाजू घासून चकचकीत करा आणि तापलेल्या जाड लोखंडी पट्टीवर ठेवून हळूहळू ऊब द्या. आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग चढतो. धारेवर तपकिरी संपून जांभळा सुरू झाला की थांबा, ते साधारण २६०-२७० अंश असतात. चाकूची धार यापेक्षा आधी, पिवळ्यावर थांबवतात. तीराला आदळायचं असतं, त्याला थोडा चिवटपणा हवा.

यानंतर ग्राइंडरवर घाई केली तर सगळी मेहनत वाया. धारेवर निळी झाक दिसली की तेवढ्या जागेचा कडकपणा गेला. पातं उघड्या बोटांनीच धरा, चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा. टोक सुईसारखं करू नका, ते पहिल्याच दगडावर मुरडतं.

तीर वाकडा जातो अशी तक्रार बरेचदा बसवण्यातून येते. पातं वाऱ्याला पंखासारखं पकडतं, काडीच्या रेषेत नसेल तर पुढूनच तीर वळवतं. राळेने पक्कं करण्याआधी काडी दोन खिळ्यांच्या खाचेत ठेवून फिरवा. टोक जागेवर फिरलं पाहिजे. गोल काढत असेल तर राळ गरम करून पुन्हा बसवा. एका संचातली पाती वजनाला सारखी हवीत. आठ ते दहा ग्रॅममधलं कोणतंही एक वजन ठरवा आणि अर्ध्या ग्रॅमहून जास्त फरक ठेवू नका. जळगावात सोनाराच्या काट्याला तोटा नाही.

केळीच्या खांबातून तीर काढला की चीक तिथल्या तिथे पुसा आणि पात्याला तेलाचं बोट लावा. रात्रभर राहिला तर सकाळी काळे डाग पडलेले दिसतात, आणि ते घासून काढताना धार पुन्हा लावावी लागते.