ताप उतरला, पण लेकराचा हात उचलेना

लेकराचा हात नाहीतर पाय एकाएकी लुळा पडला की आपल्याकडं ‘वारं गेलं’ म्हणतात आणि तेल चोळायला घेतात. तेल नको, आणि तापासाठी कमरेत सुईही नको. पोलिओत सुई टोचलेला पायच जास्त लुळा पडल्याचं दिसलेलं आहे. शिवाय सुई चुकीच्या जागी बसली तर तिथला मज्जातंतू दुखावूनही पाय लुळा पडतो, मग निदानाचा घोळ होतो.

भारतात रानटी (निसर्गात आपोआप पसरणाऱ्या) पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. तरी मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातली नसांची दोरी, सुजवून हात-पाय लुळे पाडणारे विषाणू अजून आहेत. एन्टेरोव्हायरस डी-६८ सर्दी-खोकल्यातून येतो, ए-७१ हात-पाय-तोंडावरच्या फोडांतून. क्वचित जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल किंवा कांजिण्यांचा विषाणूही निघतो.

लेकराला झोपवून दंड उचला आणि सोडा. धप्पकन पडतो का? खांदा ढिला पण बोटं हलतात, एक बाजू जास्त गेलेली, चिमटा मात्र कळतो, असं असेल तर सूज मज्जारज्जूच्या आतल्या करड्या भागात असण्याची शक्यता मोठी. याउलट दोन्ही पाय बधिर, पोटावर एका रेषेखाली स्पर्श कळेना आणि लघवी तुंबलेली, तर सूज रज्जूच्या आडव्या पट्ट्यात धरावी. तिथं स्टेरॉइड लवकर द्यायचा विचार करतात. पहिल्या प्रकारात त्याचा फायदा सिद्ध नाही.

खरी भीती श्वासाची. लेकराला एका दमात आकडे मोजायला लावा. सकाळी वीसपर्यंत गेलं आणि दुपारी बारावर अडलं, आवाज बसला, पाणी नाकातून आलं, की थांबू नका. १०८ ला फोन करा आणि व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या. मराठवाड्यात जवळ पडेल तसं छत्रपती संभाजीनगरचं घाटी, नाहीतर अंबाजोगाई, लातूर, नांदेडचा सरकारी दवाखाना.

पंधरा वर्षांखालच्या अशा प्रत्येक लेकराची खबर प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावीच लागते. पोलिओ नाही ना हे बघायला शौचाचे दोन नमुने लागतात. प्रत्येक ८ ग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा, दोन्हींत किमान २४ तासांचं अंतर आणि दोन्ही लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत. डबी कोरडी, घट्ट झाकणाची. त्यात फॉर्मेलिन (नमुने टिकवायचं रसायन) घालायचं नाही. बर्फाच्या पेटीत २ ते ८ अंशांवर ठेवून ७२ तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. नेमकं इथंच बिघडतं: पेटीतला बर्फ वाटेत वितळतो, किंवा लेकराला बद्धकोष्ठ असतं आणि दुसरा नमुना राहूनच जातो.

डी-६८ मात्र शौचात सहसा हाती लागत नाही. म्हणून नाका-घशाचा स्वॅब पहिल्या दोन-तीन दिवसांत घ्यायला डॉक्टरांना सांगा. मेंदूसह पूर्ण मणक्याचा एमआरआय हवा. पहिल्या ७२ तासांत तो स्वच्छ येऊ शकतो. लुळेपणा वाढत असेल तर पुन्हा काढावा लागतो.

घरी आल्यावर पाऊल काटकोनात राहील अशी उशी लावा, दर दोन तासांनी कूस बदला. लुळेपणा आल्यापासून साठाव्या दिवशी पुन्हा तपासणी असते. तोवर दर आठवड्याला दोन्ही मांड्यांचा घेर गुडघ्यापासून सारख्याच अंतरावर टेपनं मोजून वहीत लिहा.